पाठीवरचे बिऱ्हाड : सहकुटुंब डोंगरमुक्कामाचे गणित

महाराष्ट्राला डोंगर चढणे नवे नाही. नवरात्रात कळसूबाईच्या आणि महाशिवरात्रीला हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर पाहावे, तर परिसरातील गावेच्या गावे लेकराबाळांसह, म्हाताऱ्याकोताऱ्यांसह वर चालताना दिसतात. आषाढीची वारी तर मुक्कामामागून मुक्काम करीत, पाठीवर बिऱ्हाड घेऊन चालणाऱ्या कुटुंबांचीच परंपरा होय. पुढे गो. नी. दांडेकरांसारख्या लेखकांनी दुर्गभ्रमणाची गोडी मराठी घरांत रुजविली. आता शनिवारी सकाळी शहरातून निघावे, एक रात्र सह्याद्रीच्या कुशीत काढावी आणि रविवारी परतावे, असा बेत आखणारी कुटुंबे सर्वत्र आढळतात. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. मुलांना आपला प्रदेश पायाखालून कळावा, याहून चांगले भूगोलाचे शिक्षण दुसरे नाही.

तथापि एक फरक लक्षात घेतला पाहिजे. यात्रेकरूला पाणी कोठे, विसावा कोठे, उतरावयास केव्हा लागावे, हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या येण्याजाण्यातून ठाऊक असते. शहरातून प्रथमच येणाऱ्या कुटुंबाजवळ हे ज्ञान नसते. असते ती केवळ हौस. त्या कुटुंबाची चूक झाली, तर तिची किंमत दोघे मोजतात : एक ते कुटुंब आणि दुसरा पायथ्याचा गावकरी. रात्री-अपरात्री डोंगरात कोणी अडकले, म्हणजे दिवसभर शेतात राबलेली हीच माणसे विजेऱ्या घेऊन प्रथम धावत वर जातात. यास्तव हा विषय केवळ हौशी प्रवाशांचा नाही; सहल नेणाऱ्या शिक्षकाचा, डोंगरपायथ्याच्या ग्रामपंचायत सदस्याचा आणि त्या तालुक्यातील अधिकाऱ्याचाही आहे.

डोंगरातील मुक्कामाचे शास्त्र फारसे अवघड नाही. वेळ, ओझे, पाणी व ऊब या चार गोष्टींचा आधी मांडलेला हिशेब म्हणजेच हे शास्त्र. आणि त्या हिशेबाचे सूत्र एकच आहे : कुटुंबाची सहल सर्वांत लहान पावलाच्या गतीने चालते.

पाचनईची एक संध्याकाळ

हे सूत्र प्रस्तुत लेखकाला पुस्तकातून उमगले नाही. काही वर्षांपूर्वी नोव्हेंबर महिन्यात पत्नी, बारा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा यांच्यासह आम्ही हरिश्चंद्रगडावर जावयास निघालो. हा गड अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या क्षेत्रात आहे. वर जाण्याच्या अनेक वाटा आहेत. जुन्नर तालुक्यातील खिरेश्वराहून तोलार खिंडीमार्गे येणारी वाट लांबची. कोकणातून चढणारी नळीची वाट केवळ कसलेल्या गिर्यारोहकांची. आणि अकोल्याच्या बाजूने पाचनई गावातून जाणारी वाट त्यांतल्या त्यांत सोपी. मुले बरोबर असल्याने आम्ही पाचनईची वाट धरली होती. येथवर सारे यथायोग्य होते.

परंतु घरून निघण्यास उशीर झाला, राजूरच्या बाजारात आणखी अर्धा तास गेला आणि पाचनईस पोहोचेपर्यंत दुपारचे तीन वाजले. गड चढण्यास अडीच-तीन तास पुरतात, असे आम्ही वाचलेले होते. सूर्यास्त सहाच्या सुमारास. म्हणजे अगदी दिवेलागणीला वर पोहोचू, असा हिशेब करून आम्ही पिशव्या पाठीवर चढवू लागलो. ज्यांच्या ओट्यावर चहा घेतला, त्या घरच्या आजी म्हणाल्या, “दादा, गड कुठं पळून चाललाय? पोरं दमलीत. आज इथंच टेका, सकाळी उजेडी निघा.”

खरे सांगावयाचे तर तो सल्ला मनाला रुचला नाही. मुलांना वरच्या मुक्कामाचे वचन दिले होते आणि वडीलपणाचा थोडा अभिमानही आड येत होता. परंतु मुलगा ओट्यावरच पेंगू लागलेला पाहून आम्ही थांबलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता निघालो, तो हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिरापाशी साडेअकरा वाजता टेकलो. पुस्तकातले तीन तास आमच्या घरचे साडेचार झाले होते. मुलाचा बूट चावू लागला, दर वीस मिनिटांनी कोणाला ना कोणाला पाणी हवे झाले, कड्याच्या पोटाखालून जाणारी आडवी वाट तर एकेकाचा हात धरून पार करावी लागली. आदल्या दिवशी तीन वाजता निघालो असतो, तर वर पोहोचावयास साडेसात वाजले असते. म्हणजे शेवटचा दीड तास काळोखात, दमलेल्या दोन मुलांसह, कातळावर चालण्यात गेला असता. त्या दीड तासात काय घडले असते, याचा विचार आजही अस्वस्थ करतो.

वेळेचा हिशेब

चढणीस लागणारा वेळ काढण्याचा एक जुना व उपयुक्त नियम आहे. स्कॉटलंडमधील गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी तो 1892 साली मांडला. सपाटीवरील दर पाच किलोमीटरला एक तास धरावा आणि चढाच्या दर 600 मीटर उंचीसाठी आणखी एक तास मिळवावा, असा तो नियम. समजा, वाट चार किलोमीटरची आणि चढ 450 मीटरचा आहे. चालण्याची 48 मिनिटे आणि चढाची 45 मिनिटे, मिळून सुमारे दीड तास होतो. परंतु हा वेळ निरोगी, सडसडीत, न थांबता चालणाऱ्या प्रौढाचा होय. पाठीवर ओझे आणि बरोबर मुले असतील, तर तो सरळ दुप्पट करावा. त्यात विसाव्याचा एक तास मिळवावा. म्हणजे दीड तासाची वाट कुटुंबासाठी चार तासांची होते.

या हिशेबावरून दोन वेळा घरीच ठरवून कागदावर लिहून ठेवाव्यात. पहिली, निघण्याची शेवटची वेळ. सूर्यास्तापूर्वी निदान एक तास आधी मुक्कामी पोहोचता येत नसेल, तर त्या दिवशी चढूच नये. दुसरी, परतण्याची वेळ. शिखर दहा मिनिटांवर दिसत असले, तरी ठरलेली वेळ होताच पाठ फिरवावी. शहाणा वाटसरू ओळखावा तो येथे. चढताना शक्ती अधिक लागते हे खरे. पण पाय घसरण्याचे प्रसंग उतरताना, थकलेल्या गुडघ्यांवर व मावळत्या उजेडात अधिक येतात.

चालण्याचा क्रमही ठरलेला असावा. पुढे एक प्रौढ, मागे एक प्रौढ, मध्ये मुले. आणि सर्वांत हळू चालणारा पुढच्याच्या लगेच पाठीशी. तो मागे राहिला, तर पुढचे विसाव्याला बसतात आणि तो पोहोचताच उठतात. अशाने ज्याला विश्रांतीची सर्वाधिक गरज, त्यालाच ती मिळत नाही.

ओझ्याचा हिशेब

पाठीवरील पिशवी, जिला गिर्यारोहक ‘सॅक’ म्हणतात, ती किती जड असावी? केंद्र शासनाच्या 2020 च्या शालेय दप्तर धोरणात दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे, असे म्हटले आहे. डोंगरातही मुलांसाठी हेच प्रमाण ठेवावे. सशक्त प्रौढाने आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंत ओझे घ्यावे. आता चौघांचे कुटुंब धरू. वडील 60 किलो, आई 50, मुलगी 35 आणि मुलगा 25 किलो वजनाचा. त्यांनी अनुक्रमे 12, 10, साडेतीन आणि अडीच किलो उचलावे. एकूण 28 किलो झाले.

हा आकडा मोठा वाटतो, पण त्यातून पाणी वजा करून पाहावे. डोंगरात माणशी दिवसाला तीन लिटर पाणी धरावे लागते. चौघांचे 12 लिटर, म्हणजेच 12 किलो. उरलेल्या 16 किलोंत पांघरुणे, अंथरण्याच्या चटया, कोरडे कपडे, शिधा, भांडी, विजेऱ्या आणि औषधे बसवावयाची. मग लक्षात येते की, घरातून घेतलेली निम्मी वस्तुजात निरुपयोगी आहे. काचेच्या बरण्या, गाणी वाजविणारे यंत्र, ‘असू द्या’ म्हणून घेतलेला तिसरा पोशाख, हे सारे घरीच शोभते. जड वस्तू पाठीला चिकटून, पाठीच्या मध्यावर ठेवाव्या आणि कमरेचा पट्टा आवळावा. त्यायोगे भार खांद्यांवरून कमरेवर उतरतो. लहान मुलाच्या पिशवीत त्याची पाण्याची बाटली, खाऊ, टोपी, अंगातला गरम कपडा आणि शिट्टी एवढेच असावे. आपले सामान आपण वाहिले, हा अभिमान त्याला मिळावा. ओझे मात्र मिळू नये.

पाणी कोठे असते?

पाणी वाहून नेणे इतके जड असल्याने मुक्काम निवडताना प्रथम पाण्याची चौकशी करावी. सह्याद्रीची घडणच या कामी वाट दाखविते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरून हा डोंगर घडला. काही थर घट्ट, काही भुसभुशीत व सच्छिद्र. घट्ट थरांचे उभे कडे झाले आणि ठिसूळ थर झिजून त्यांच्या पायऱ्या, म्हणजेच माच्या झाल्या. म्हणून आपली वाट कधी छातीवर येते, तर कधी सपाटीने जाते. पावसाचे पाणी सच्छिद्र थरातून मुरत खाली येते आणि घट्ट थरापाशी अडून बाहेर झिरपते. डोंगरउतारावरील अनेक झरे अशा दोन थरांच्या सांध्यावर सापडतात. पूर्वजांनी घट्ट कातळात टाकी खोदून पावसाचे पाणी साठविले. हरिश्चंद्रगडावर अशी टाकी आहेत. केदारेश्वराच्या लेण्यात तर भल्या थोरल्या शिवलिंगाभोवती कमरेइतके थंडगार पाणी असते.

हे पाणी दिसावयास निर्मळ असले, तरी न उकळता पिऊ नये. खळखळून एक मिनिट उकळावे, अथवा क्लोरीनची गोळी सूचनेनुसार टाकून अर्धा तास थांबावे. पिण्याच्या टाक्यात पाय बुडविणे, आंघोळ करणे वा खरकटी भांडी धुणे म्हणजे मागून येणाऱ्याच्या तांब्यात हात घालणे होय. उन्हाने अथवा जुलाबाने मूल मलूल झाले, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सपाट सहा चमचे व मिठाचा अर्धा चमचा विरघळवून घोट घोट पाजावे. चमचा चहाचा असावा. साखर व मीठ प्रत्येक घरात असते. ते पिशवीतही असावे.

उबेचा हिशेब

आपला प्रदेश उष्ण. त्यामुळे डोंगरात थंडीने जीव जाऊ शकतो, हे अनेकांना खरे वाटत नाही. परंतु ऑगस्ट 2023 मध्ये हरिश्चंद्रगडावरच पावसात व धुक्यात वाट चुकलेल्या पर्यटकांच्या एका गटातील एकाचा गारठून मृत्यू झाला. दर हजार मीटर उंचीस तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. त्यात अंगावर ओले कपडे आणि माथ्यावरचा वारा यांची भर पडली की, शरीरातील ऊब झपाट्याने निघून जाते. मुलांच्या वजनाच्या मानाने त्यांच्या त्वचेचे क्षेत्रफळ अधिक असते. म्हणून ती मोठ्यांच्या आधी गारठतात.

लक्षणे ध्यानात ठेवावीत. प्रथम हुडहुडी भरते. नंतर बोलणे अडखळू लागते, पाय लटपटतात, मूल चिडचिडे अथवा एकदम गप्प होते. हुडहुडी आपोआप थांबली, तर ते बरे वाटण्याचे नव्हे, धोक्याचे चिन्ह समजावे. अशा वेळी ओले कपडे त्वरित उतरवून कोरडे घालावेत, वाऱ्याच्या आडोशाला न्यावे, अंगाशी धरून पांघरुणात गुंडाळावे आणि शुद्धीवर असल्यास गरम गोड पेय द्यावे. हातपाय चोळू नयेत. मद्य तर मुळीच देऊ नये. यासाठीच प्रत्येकाचा एक कोरडा पोशाख जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला असावा, आणि तो मुक्कामापूर्वी उघडू नये. कुटुंबासाठी पावसाळ्यातील डोंगरमुक्काम टाळावा. ऑक्टोबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत सोयीचा.

ऊब हवी म्हणून शेकोटी पेटविण्याचा मोह होतो. तो आवरलाच पाहिजे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये अभयारण्यात आग लावणे हा गुन्हा आहे. कायद्याचा भाग सोडला, तरी हिवाळ्यानंतर सह्याद्रीवरील गवत वाळून कोळ झालेले असते. 11 मार्च 2018 रोजी तामिळनाडूच्या थेणी जिल्ह्यातील कुरंगणीच्या डोंगरात वणव्यात सापडून वीसहून अधिक गिर्यारोहक मरण पावले. एका ठिणगीला डोंगर पुरत नाही.

कडा, माशी आणि साप

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आत वळलेल्या नालासारखा आहे आणि शेकडो मीटर सरळ खाली उतरला आहे. दरीतून वर येणारा वारा इतका जोरकस असतो की, टाकलेली हलकी वस्तू उलट वर येते. पावसाळ्याच्या सुमारास, पाठीशी सूर्य आणि समोर दरीत धुके असे जुळून आले, तर येथून वर्तुळाकार इंद्रधनुष्य, म्हणजेच इंद्रवज्र दिसते. धुक्यातील सूक्ष्म जलबिंदूंवर प्रकाश परावर्तित होऊन हा चमत्कार घडतो आणि त्याच्या मध्यभागी पाहणाऱ्याची स्वतःची सावली असते. पण अशा जागी नियम कडक असावा : काठापासून दहा पावलांवर मुलांनी बसावे, पाहावयाचेच असेल, तर मोठ्याने पाय धरलेले असताना पोटावर झोपून पाहावे. छायाचित्रासाठी काठावर उभे राहणे सर्वांनाच वर्ज्य समजावे.

कड्यांच्या कपारींत आग्या मोहोळे असतात. धूर, उग्र अत्तरे आणि आरडाओरडा यांनी माश्या उठतात. त्या उठल्या, तर हात न झाडता तोंड व मान कापडाने झाकून तेथून दूर जावे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे आपल्याकडील चार प्रमुख विषारी साप होत. कपारीत हात घालू नये, अंधारात विजेरीशिवाय पाऊल टाकू नये, बूट झटकल्याखेरीज घालू नयेत. दंश झालाच, तर जखम कापू नये, चोखू नये, दोरीने आवळू नये. तो अवयव फळीच्या आधाराने स्थिर ठेवून माणसाला न चालविता, उचलून रुग्णालयात न्यावे. सर्पदंशावरील प्रतिविष असलेले जवळचे रुग्णालय कोणते, याची चौकशी निघण्यापूर्वीच केलेली असावी. संकटसमयी 112 हा क्रमांक, तर रुग्णवाहिकेसाठी 108 उपयोगी पडतो. परंतु डोंगरात दूरध्वनीची लहर प्रत्येक ठिकाणी पोहोचत नाही, हेही गृहीत धरावे. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर ही गिर्यारोहकांची स्वयंसेवी यंत्रणा अशा प्रसंगी शोध व सुटकेचे मोलाचे काम करते.

वाट चुकल्यास काय करावे, हे मुलांना घरीच शिकवावे. चार शब्द पुरेत : थांब, बस, पांघर, शिट्टी वाजव. चुकलेले मूल चालत राहिले, तर शोधाचे क्षेत्र क्षणोक्षणी वाढते. ते एका जागी थांबले, तर तासाभरातही सापडू शकते. तीन शिट्ट्या, थोडा विराम, पुन्हा तीन शिट्ट्या, ही मदत मागण्याची खूण आहे. हा धडा वर्गातही खेळ म्हणून घेता येईल.

गावाशी नाते

गडावर मुक्कामाची मुभा आहे किंवा नाही, हे वन विभागाच्या त्या वेळच्या आदेशांवर अवलंबून असते. तेव्हा आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारणा करावी. परवानगी नसेल, तर पायथ्याच्या गावात राहावे. आमच्या अनुभवाने सांगावयाचे, तर यात काही गमावत नाही. पाचनईच्या त्या अंगणात नाचणीची भाकरी आणि पिठले खाऊन मुले चटईवर आडवी झाली. पूर्वेला कृत्तिका व रोहिणी वर आल्या होत्या. थोड्या वेळाने मृग उगवला. शहराच्या दिव्यांत हरवलेले नक्षत्र मुलीने प्रथमच नुसत्या डोळ्यांनी ओळखले. त्या घराला चार पैसे मिळाले आणि आम्हाला वाटाड्या मिळाला. दुसऱ्या दिवशी कातळाखालच्या वाटेवर मुलाचा हात धरला होता, तो त्याच घरच्या तरुणाने.

ग्रामपंचायतींना या बाबतीत पुष्कळ करता येण्यासारखे आहे, आणि त्यातील बरेचसे फार खर्चाचे नाही. गावाच्या वेशीवर एक नोंदवही असावी : किती जण वर गेले, त्यांत मुले किती, केव्हा परतणार. परतल्यावर नाव खोडावे. संध्याकाळी न खोडलेले नाव दिसले, तर शोध रात्री बाराला नव्हे, सहाला सुरू होतो. वाटाड्यांची नावे व ठरलेली मजुरी, निघण्याची शेवटची वेळ आणि पाण्याच्या जागा दर्शविणारा फलक लावावा. घरगुती निवासाची सोय करणाऱ्यांना पर्यटन विभागाच्या न्याहारी व निवास योजनेची माहिती द्यावी. साहसी उपक्रम व्यवसाय म्हणून चालविणाऱ्यांसाठी राज्य शासनाने 2021 मध्ये धोरण जाहीर केले असून, त्यानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. गावातील तरुणांनी या कामात पुढे यावे.

कचऱ्याचा प्रश्नही गावाचाच. हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिरापाशी उगम पावणारी मंगळगंगा पुढे पाचनईतूनच वाहते. म्हणजे वर टाकलेली प्रत्येक घाण पाण्याबरोबर त्या आजींच्या दारी येते. जे वर नेले, ते सारे खाली आणावे. शौचासाठी पाण्यापासून निदान साठ-सत्तर पावले दूर, वीतभर खोल खड्डा करून तो बुजवावा. एवढी शिस्त पाळणारे कुटुंब गावाला जड होत नाही.

राहिलेले शिखर

त्या दिवशी आम्ही मंदिर पाहिले, केदारेश्वराच्या थंड पाण्यात पाय न घालता काठावरून दर्शन घेतले आणि कोकणकड्यापासून दहा पावलांवर बसून शिदोरी सोडली. तारामती शिखर, म्हणजे गडाचा 1,400 मीटरहून उंच माथा, समोर दिसत होता. मुलीची जाण्याची फार इच्छा होती. परंतु कागदावर लिहिलेली परतण्याची वेळ झाली होती आणि मुलगा पायाकडे पाहून चालू लागला होता. आम्ही पाठ फिरविली. उजेड असतानाच पाचनईत उतरलो, तेव्हा आजी ओट्यावर बसून वाटेकडे पाहत होत्या. चौघे दिसताच त्या उठून चुलीकडे गेल्या.

परतताना मुलीने विचारले, “राहिलेलं शिखर पुढच्या वर्षी ना?” आम्ही होकार दिला. डोंगर पुढच्या वर्षीही तेथेच असणार. आपण चौघेही असावे, एवढ्यासाठीच हा सारा हिशेब.